स्पॉक, होमर आणि मेदूवड्याचे विश्व

विनोद कळायला आधी काहीतरी ठाऊक असावे लागते. एखाद्या चुगलखोर माणसाला कोणी 'नारदमुनी' म्हटले की आपण हसतो; पण नारद कोण हे ज्याला माहीत नाही, तो बिचारा आपल्या तोंडाकडे पाहत राहतो. अमेरिकन दूरचित्रवाणीवरील दोन मालिकांमध्ये गेली तीसेक वर्षे अशाच विनोदाचा लपंडाव चालू आहे. गंमत अशी, की तो समजण्यासाठी पुराणे वाचलेली असून भागत नाही. थोडे भौतिकशास्त्र आणि थोडे गणित लागते, आणि तेही बहुतेक शाळेतलेच.

या दोन मालिकांपैकी पहिली 'स्टार ट्रेक'. जीन रॉडेनबेरी यांची ही विज्ञानकथा मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. 'एंटरप्राइझ' नावाचे अंतराळयान तेविसाव्या शतकात ताऱ्यांमधून फिरते, अशी तिची कल्पना. तीन वर्षांत ७९ भाग होऊन ती बंद पडली. पण पुढे तिच्या पोटी अनेक मालिका आणि चित्रपट जन्माला आले. आपल्याकडे १९८०च्या दशकात दूरदर्शनने ती दाखवली होती. त्या वेळी शाळेत असलेल्या शिक्षकांना टोकदार कानांचा, कधीही न हसणारा, तर्काने चालणारा मिस्टर स्पॉक आठवत असेल. ती भूमिका लेनर्ड निमॉय करीत.

दुसरी मालिका 'द सिम्प्सन्स'. ही हलत्या चित्रांची विनोदी मालिका मॅट ग्रोनिंग यांनी निर्माण केली. १७ डिसेंबर १९८९ पासून तिचे साडेसातशेहून अधिक भाग झाले आहेत. स्प्रिंगफील्ड नावाचे गाव, तेथील अणुवीजकेंद्रात सुरक्षा निरीक्षक असलेला आळशी होमर सिम्प्सन, त्याची हुशार मुलगी लिसा, आणि होमरचा जीव की प्राण असलेला डोनट. डोनट म्हणजे मधे भोक असलेला गोड तळलेला पाव. आकाराने आपला मेदूवडाच म्हणा ना! हा आकार लक्षात ठेवा, पुढे विश्वरचनेत त्याचे काम आहे.

१४ जानेवारी १९९३ रोजी 'सिम्प्सन्स'चा एक गाजलेला भाग दाखवला गेला. गावाला अचानक तीस लाख डॉलर मिळतात आणि एक बोलघेवडा विक्रेता गावकऱ्यांच्या गळ्यात 'मोनोरेल' मारतो, म्हणजे एकाच रुळावर धावणारी गाडी. उद्घाटनाला पाहुणे म्हणून साक्षात लेनर्ड निमॉय येतात आणि त्यांना आवाजही खुद्द निमॉय यांनीच दिला आहे. खरे तर हे काम आधी 'स्टार ट्रेक'मधीलच दुसरे नट जॉर्ज टाकेई यांना देऊ केले होते. टाकेई यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सार्वजनिक वाहतूक मंडळावर अनेक वर्षे काम केले होते. सार्वजनिक वाहतुकीची टवाळी आपल्याकडून होणार नाही, असे म्हणून त्यांनी नकार दिला. मला त्यांचा हा नकार मालिकेइतकाच आवडतो.

तर ही मोनोरेल सौरशक्तीवर चालणारी. गाडी बेफाम सुटते, वीज तोडूनही थांबत नाही, कारण वीज वरून, सूर्याकडून येते आहे. तेवढ्यात सूर्यग्रहण लागते आणि गाडी थांबते. सगळे हुश्श करतात, चंद्र बाजूला होतो आणि गाडी पुन्हा सुसाट!

आता जरा हिशेब करू. भर दुपारी जमिनीच्या एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट सौरऊर्जा पडते. चांगले सौरपॅनेल तिच्यातील पाचवा हिस्सा विजेत बदलते, म्हणजे २०० वॅट. दोन डब्यांचे छत मिळून १०० चौरस मीटर धरले, तर शक्ती झाली २०,००० वॅट, म्हणजे जेमतेम २७ अश्वशक्ती. लहानशा मोटारीच्या इंजिनाची शक्तीही याहून जास्त असते. एवढ्या जोरावर माणसांनी भरलेले दोन डबे हलतील, हळूहळू वेगही घेतील, पण वाऱ्याचा विरोध लवकरच त्यांना आवरील. ग्रहणाचे म्हणाल, तर खग्रास ग्रहणात सूर्य पूर्ण झाकला जाण्यापूर्वी तासभर तरी तो कलेकलेने झाकला जात असतो. तेव्हा गाडी एकदम थांबली नसती. तिचा जीव सावकाश गेला असता आणि तसाच सावकाश परत आला असता. खग्रास अवस्था स्वतः फार तर साडेसात मिनिटांची. तेवढ्यात प्रवाशांना उतरता आले असते, हेही कोणाच्या लक्षात येत नाही.

शेवटी होमर गाडीला बांधलेला नांगर फेकतो, तो एका दुकानावरील अवाढव्य डोनटमध्ये अडकतो आणि गाव वाचते. मग निमॉय म्हणतात, माझे काम झाले. एक गावकरी त्यांना विचारतो, तुम्ही तर काहीच केले नाही! त्यावर निमॉय गूढ हसतात आणि जागच्या जागी झगमगत अदृश्य होतात. 'स्टार ट्रेक' पाहिलेला प्रेक्षक येथे खदखदून हसतो, कारण त्या मालिकेत माणसे यानातून ग्रहावर अशीच जातात. 'ट्रान्स्पोर्टर' नावाचे यंत्र माणसाचे कण सुटे करते, पलीकडे पाठवते आणि तेथे पुन्हा जुळवते. या यंत्राचा जन्म पैशाच्या टंचाईतून झाला. दर आठवड्याला यान नव्या ग्रहावर उतरवण्याची दृश्ये रॉडेनबेरींना परवडणारी नव्हती.

पण तेविसाव्या शतकाला तरी हे यंत्र परवडेल काय? ७० किलोग्रॅमचा माणूस संपूर्णपणे ऊर्जेत बदलून पाठवायचा, असे धरू. ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग, हे आइन्स्टाइनचे सूत्र वापरले की उत्तर येते ६३ वर सतरा शून्ये, इतके ज्यूल. कोयना प्रकल्पाची सगळी जनित्रे मिळून क्षमता सुमारे १९६० मेगावॅट आहे. ती सर्व जनित्रे एक क्षणही न थांबता पूर्ण क्षमतेने चालवली, तर एवढी ऊर्जा तयार व्हायला सुमारे शंभर वर्षे लागतील. दुसरी तुलना मनाला बरी वाटणारी नाही, पण करायला हवी. हिरोशिमावर टाकलेल्या बाँबसारख्या एक लाख बाँबची ही ऊर्जा आहे. स्पॉकला यानातून खाली उतरवताना थोडी गळती झाली, तर उतरायला ग्रह उरणार नाही.

माणूस ऊर्जेत न बदलता केवळ त्याची 'माहिती' पाठवली तर? येथे पुंजयामिकी आडवी येते. कणाची जागा आणि संवेग ही दोन्ही एकाच वेळी हवी तितकी अचूक मोजता येत नाहीत, हे हायझेनबर्गचे अनिश्चिततेचे तत्त्व. मालिकेच्या लेखकांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी यंत्रात 'हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर' नावाचा भाग बसवून दिला. तो कसा चालतो, असे मालिकेचे तांत्रिक सल्लागार मायकेल ओकुडा यांना एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, उत्तम चालतो!

आणि आता तारखा पाहा. मोनोरेलचा भाग जानेवारी १९९३चा. त्याच वर्षी मार्चमध्ये चार्ल्स बेनेट आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कणाची क्वांटम अवस्था न मोजताही, ती दुसरीकडच्या कणावर हुबेहूब उतरवता येते, असे त्यांनी दाखवले. १९९७ साली प्रकाशकणांवर हा प्रयोग झालाही. त्याला 'क्वांटम टेलिपोर्टेशन' म्हणतात. मात्र त्यासाठी साध्या मार्गाने एक निरोप पाठवावाच लागतो, म्हणून हे प्रकाशापेक्षा वेगाने होत नाही. आणि मूळ कणाची अवस्था त्यात नष्ट होते. एका कणाची ही कथा. माणसात अणूच सुमारे ७ वर सत्तावीस शून्ये इतके आहेत.

निमॉय १९९७ सालच्या जानेवारीत 'सिम्प्सन्स'मध्ये पुन्हा आले. 'इन सर्च ऑफ' नावाच्या रहस्यमय गोष्टींच्या कार्यक्रमाचे निवेदन ते पूर्वी करीत असत, त्याची ही नक्कल. सुरुवातीलाच ते गंभीर चेहऱ्याने सांगतात, की पुढील कथा सत्य आहे. आणि सत्य म्हणजे असत्य, हे तितक्याच गंभीरपणे पुढे जोडतात. रात्री जंगलात होमरला हिरवा चमकणारा परग्रहवासी दिसतो. तो निघतो अणुवीजकेंद्राचा मालक! आयुष्यभर किरणोत्साराजवळ राहिल्यामुळे तो चमकतो म्हणे. किरणोत्साराने माणूस हिरवा चमकत नाही. जुन्या घड्याळांच्या काट्यांवर रेडियमबरोबर झिंक सल्फाइड लावलेले असे, ते चमके. अणुभट्टीतील पाण्यात दिसणारा प्रकाश निळा असतो. तो चेरेनकोव्ह प्रारणाचा, त्याची कथा वेगळी आहे.

या दोन मालिकांमधला सर्वांत मोठा दुवा मात्र कोणी नट नव्हे. तो आहे केंब्रिजचा भौतिकशास्त्रज्ञ, स्टीफन हॉकिंग.

जून १९९३ मध्ये 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'च्या एका भागाच्या आरंभी चारजण पत्ते खेळताना दिसतात. न्यूटन, आइन्स्टाइन, हॉकिंग आणि डेटा नावाचा यंत्रमानव. न्यूटन आणि आइन्स्टाइन म्हणून नट बसले होते. हॉकिंग स्वतः हॉकिंगच होते. दृश्य सुरू होते तेव्हा हॉकिंग एका विनोदाचा शेवट सांगत असतात. विनोद बुधाच्या उपसूर्यबिंदूविषयी आहे. आइन्स्टाइन आणि डेटा हसतात. न्यूटनला ते रुचत नाही. का?

बुध सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतो, पण हे लंबवर्तुळ स्वतःही हळूहळू वळत असते. बाकीच्या ग्रहांच्या ओढीमुळे ते किती वळावे, हे न्यूटनच्या नियमाने काढता येते. प्रत्यक्षात ते शतकाला ४३ विकला जास्त वळते. ३६०० विकलांचा एक अंश. म्हणजे एका अंशाचा फरक पडायला आठ हजारांहून अधिक वर्षे! तरीही खगोलशास्त्रज्ञांची झोप उडाली होती. कागदावरच्या आकडेमोडीने नेपच्यूनची जागा सांगणारे फ्रेंच गणिती लव्हेरिए यांनी १८५९ साली सुचवले, की बुधाच्या आत आणखी एखादा ग्रह असावा. त्या ग्रहाला नाव मिळाले 'व्हल्कन'. पुष्कळ शोधूनही तो सापडला नाही. १९१५ साली आइन्स्टाइनने आपल्या नव्या गुरुत्वाकर्षण सिद्धांतावरून ते ४३ विकला बरोबर काढून दाखवले आणि व्हल्कनची गरज संपली. जेथे न्यूटनचे गणित अडले आणि आइन्स्टाइनचे जुळले, नेमक्या त्याच ठिकाणावर हा विनोद होता. न्यूटन कसा हसेल?

व्हल्कन हे नाव तुम्ही ऐकले असेल. स्पॉकच्या ग्रहाचे नावही व्हल्कन! दोन्ही नावे रोमन अग्निदेवतेची. १९९१ साली रॉडेनबेरी आणि तीन खगोलशास्त्रज्ञांनी मिळून एका खगोलविषयक मासिकाला पत्र लिहिले आणि स्पॉकचा सूर्य म्हणून '४० एरिडॅनी' हा सुमारे १६ प्रकाशवर्षे दूरचा तारा मुक्रर केला. २०१८ साली त्या ताऱ्याभोवती खरोखरच ग्रह सापडल्याची बातमी आली आणि चाहते नाचले. पुढे अधिक अचूक निरीक्षणे झाली, तेव्हा तो संकेत ग्रहाचा नसून ताऱ्याच्याच पृष्ठभागावरील हालचालींचा आहे असे दिसून आले. व्हल्कन असा दोनदा हरवला.

त्यानंतर सहा वर्षांनी, मे १९९९ मध्ये, हॉकिंग 'सिम्प्सन्स'मध्ये अवतरले. आवाज त्यांच्या संगणकाचाच. (पुढे जानेवारी २००१ मध्ये ते एका परिषदेसाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते.) या भागात ते होमरला सांगतात, की तुझी डोनटच्या आकाराच्या विश्वाची कल्पना विचार करण्याजोगी आहे, मला ती चोरावी लागेल. प्रेक्षक हसतात. पण ही कल्पना वेडगळ नाही.

वहीचा एक कागद घ्या. त्यावर त्रिकोण काढा. कोनांची बेरीज १८० अंश. आता कागदाची गुंडाळी करून डावी कड उजवीला चिकटवा. त्रिकोण ताणला गेला नाही, कोन बदलले नाहीत. पण डावीकडे चालत गेलेली मुंगी आता फिरून मूळ जागी येते. मनाने वरची कडही खालच्या कडेला जोडा. प्रत्यक्ष कागदाला सुरकुत्या पडतील, गणिताला पडत नाहीत. झाला मेदूवडा! काही संगणकीय खेळांत सर्प उजव्या कडेतून बाहेर गेला की डावीकडून आत येतो, वरून गेला की खालून येतो. तो सर्प मेदूवड्याच्या विश्वातच राहतो. त्याचे विश्व सपाट आहे, त्याला कोठेही भिंत नाही, आणि तरीही ते मर्यादित आहे. आइन्स्टाइनची समीकरणे अवकाश ठिकठिकाणी किती वक्र आहे ते सांगतात. त्याच्या कडा कोठे कशा जोडल्या आहेत ते सांगत नाहीत. म्हणून आपले त्रिमितीय विश्वही असे जोडलेले असू शकते. झेल्डोविच आणि स्टारोबिन्स्की या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९८४ सालीच अशा विश्वाचा विचार मांडला होता. तेव्हा होमरची कल्पना हॉकिंगने चोरण्याआधी होमरनेच कोणाची तरी चोरली होती म्हणायची!

ही कल्पना तपासता येते. विश्व असे असेल आणि पुरेसे लहान असेल, तर विश्वाच्या बाल्यावस्थेतील जो सूक्ष्मलहरी प्रकाश सर्व दिशांनी येतो, त्याच्या नकाशात विरुद्ध बाजूंना एकसारख्या नक्षीची वर्तुळे सापडावीत. डब्ल्यूमॅप आणि प्लँक या अवकाशयानांच्या नकाशांत ती शोधली, पण सापडली नाहीत. म्हणजे वडा असलाच, तर आपल्याला दिसणाऱ्या विश्वाच्या तुलनेत तो लहान नाही.

होमरच्या डोक्यात हे कोण घालते? तर मालिकेचे लेखक. त्यांच्यातील डेव्हिड कोहेन हे भौतिकशास्त्राचे पदवीधर. सप्टेंबर १९९८च्या एका भागात होमर शोधक होतो आणि फळ्यावर चार ओळी लिहितो. एका ओळीत विश्वाची घनता ठराविक मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे चिन्ह आहे. घनता तितकी असेल तर विश्व शेवटी आकुंचन पावेल, आणि खरोखरच होमरचे तळघर आतल्या आत कोसळते. तो चिन्ह उलटे करतो, तेव्हा स्फोट होतो! ती मर्यादा म्हणजे घनमीटरला हायड्रोजनचे जेमतेम पाचसहा अणू. दुसऱ्या ओळीत डोनटचा गोळा होताना दाखवला आहे. संस्थितिशास्त्रात हे चालत नाही, पण होमर मधेच एक घास खातो.

पहिल्या ओळीविषयी मात्र जरा थांबून बोलले पाहिजे. ती हिग्ज कणाच्या वस्तुमानाची. होमरने हिग्ज कणाचे भाकीत चौदा वर्षे आधी केले, अशी बातमी पुढे जगभर फिरली. आजही ती मुलांच्या मोबाइलवर येते आणि मुले ती मला मोठ्या उत्साहाने दाखवतात. होमरच्या सूत्रात किंमती घातल्या तर वस्तुमान येते सुमारे ७७५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट. २०१२ साली सापडलेल्या हिग्ज कणाचे आहे १२५. म्हणजे उत्तर सहापट चुकले. शिवाय असा कण असावा हे पीटर हिग्ज यांनी १९६४ सालीच म्हटले होते. परीक्षेत सहापट चुकलेल्या उत्तराला मी गुण देत नाही.

राहिली चौथी ओळ. येथे दोन्ही मालिका पुन्हा समोरासमोर येतात. १६३७च्या सुमारास फर्मा या फ्रेंच गणितीने लिहून ठेवले, की दोन पूर्ण संख्यांच्या वर्गांची बेरीज हा वर्ग असू शकतो (३, ४, ५ आठवा), पण दोन घनांची बेरीज घन होत नाही, आणि पुढच्या कोणत्याही घातालाही तसे होत नाही. सिद्धता मात्र दिली नाही. मार्च १९८९च्या 'स्टार ट्रेक'च्या एका भागात चोविसाव्या शतकातील कॅप्टन पिकार्ड सांगतो, की आठशे वर्षे झाली, हे कोडे सुटलेले नाही. कोडे चार वर्षांतच सुटले! अँड्र्यू वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये सिद्धता जाहीर केली, तिच्यात राहिलेली उणीव १९९४ मध्ये भरून काढली आणि १९९५ मध्ये ती छापून आली. 'स्टार ट्रेक'च्या भावंड मालिकेने १९९५ सालीच एका पात्राच्या तोंडी वाइल्स यांचे नाव घालून चूक गोडीने दुरुस्त केली.

आणि 'सिम्प्सन्स'ने? ऑक्टोबर १९९५ मध्ये होमर त्रिमितीय जगात हिंडत असताना त्याच्या मागे एक समीकरण तरंगताना दिसले : १७८२ चा बारावा घात अधिक १८४१ चा बारावा घात बरोबर १९२२ चा बारावा घात. दहा अंकी गणकयंत्रावर करून पाहा, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येतात! मग वाइल्स चुकले काय? चुकले ते गणकयंत्र. खरी संख्या ४० अंकी आहे आणि यंत्र पहिले दहाच अंक दाखवते. कोहेन यांनी अशा फसव्या जोड्या शोधायला संगणकाचा कार्यक्रमच लिहिला होता. पण यंत्राशिवायही ही फसवणूक एका ओळीत उघडी पडते. १७८२ सम, म्हणून तिचा घात सम. १८४१ विषम, म्हणून तिचा घात विषम. त्यांची बेरीज विषम. उजवीकडची १९२२ सम. संपले!

हे चाणाक्ष प्रेक्षकांनी लगेच ओळखले. म्हणून १९९८च्या फळ्यावर कोहेन यांनी अधिक पक्की जोडी ठेवली : ३९८७ चा बारावा घात अधिक ४३६५ चा बारावा घात बरोबर ४४७२ चा बारावा घात. सम-विषमाची परीक्षा येथे चालत नाही, दोन्ही बाजू सम आहेत. शेवटचा अंक पाहाल, तर दोन्हीकडे ६ येतो. गणकयंत्रही मान डोलावते. तरीही हे समीकरण खोटे आहे, आणि ते खोटे का, हे आठवीच्या विद्यार्थ्याला पेन्सिलीने दोन ओळींत दाखवता येते. सूचना एवढीच : तिन्ही संख्यांच्या अंकांची बेरीज करून पाहा.